कानात पाणी आणि भाऊकीची यादी

माझ्या कानात पाणी घातल्यामुळे आमचे मेहुणे दोन महिने आमच्याशी बोलत नव्हते. पाणी जळगावच्या एका दवाखान्यात, रीतसर सही घेऊन आणि माझ्याच आग्रहाने घातलं गेलं होतं, हे आधीच कबूल करतो.

सुरुवात केळीच्या घडापासून झाली. मी यावलच्या एका शाळेत लिपिक आहे आणि गावाबाहेर आमची तीन एकर केळी आहे. रोज सकाळी शाळेआधी मोपेडवरून बागेत जायचं, ठिबक सुरू आहे का बघायचं, चार झाडांना विनाकारण हात लावायचा आणि परत यायचं, हा माझा वर्षानुवर्षांचा नेम. त्या दिवशी एक घड कितपत भरलाय म्हणून मान वर केली आणि आख्खी बाग माझ्याभोवती गरगर फिरली! पुढच्या क्षणी मी ठिबकच्या नळीवर आडवा. शुद्धीवर होतो, पण उठायची हिंमत नव्हती. त्यानंतर रोजचंच झालं. उजव्या कुशीवर वळलो की छत फिरायचं, डाव्या कुशीवर वळलो की मंगलाचं घोरणं कानात शिरायचं. (मंगला म्हणजे आमची सौ. ती घोरत नाही, असं तिचं म्हणणं आहे.)

चौथ्या दिवशी वाटेत कुणीतरी मागून हाक मारली. मी मोपेडवरून मागे वळून पाहिलं आणि मोपेडसकट रस्त्याकडेच्या चारीत गेलो. लागलं काही नाही, पण मंगलाने मोपेडची किल्ली काढून घेतली आणि स्वतःच्या पर्समध्ये टाकली.

"डॉक्टर लिहून देतील तेव्हा मिळेल," ती म्हणाली.

"अगं, पण बाग?"

"बाग कुठं पळून जात नाही. तुम्हीच आडवे होता."

खरं सांगतो, मी घाबरलो. चक्करेपेक्षा किल्लीला घाबरलो. उभा जन्म स्वतःच्या गाडीवर स्वतःच्या बागेत गेलेल्या माणसाने छप्पन्नाव्या वर्षी कुणाच्या तरी मागे बसून, त्याच्या खांद्याला धरून जायचं? रडू यायचं तेवढं बाकी राहिलं होतं.

मग मी मोबाइलवर अभ्यास सुरू केला. इथेच चुकलो. तोल डोक्यात नसून कानात असतो हे मला तिथे कळलं, आणि कानाच्या आतला तो भाग कामातून गेला तर आता एक यंत्र निघालंय, हेही कळलं. कानामागे कातडीखाली बसवतात, डोकं कुठे वळलं ते यंत्राला समजतं आणि ते तारेवाटे नसेला कळवतं. मी भारावून गेलो. शाळेत, घरी, फोनवर सगळ्यांना सांगितलं, "मला बहुतेक यंत्र बसणार." संध्याकाळपर्यंत त्यातला 'बहुतेक' कुठेतरी गळून पडला होता. धुळ्याहून अक्काचा, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा, फोन आला.

"भाऊ, डोकं फोडतीन का रे तुनं?"

"नाही गं अक्का, कानामागे बारीकसं."

"मी येस," म्हणजे मी येतेच आहे, असं म्हणत तिने रडतरडत फोन ठेवला.

तपासणीच्या दिवशी मंगलाचे थोरले भाऊ सुरेशराव आपली गाडी घेऊन आले. त्यांचं धरणगावला बी-बियाण्यांचं दुकान आहे. ऐन कपाशीच्या हंगामात दुकान बंद ठेवून हा माणूस धरणगावहून जळगाव ओलांडून यावलला आला, आम्हाला गाडीत घातलं आणि परत जळगावला आणलं. का, तर दाजींना एसटीत चक्कर यायला नको! वाटेत गतिरोधक आला की गाडी थांबवून विचारायचे, "बरं शे ना दाजी?" तिकडे अक्का पहाटेच्या एसटीने धुळ्याहून थेट दवाखान्यात पोचली होती, मांडीवर भरीत-पुरीचा डबा घेऊन. मला रिकाम्या पोटी यायला सांगितलं होतं, म्हणून अक्काही उपाशी होती.

डॉक्टरांनी मला पलंगावर बसवलं, मान उजवीकडे वळवली आणि झटकन आडवं केलं. छत फिरलं. डॉक्टर माझ्या डोळ्यांत बघत राहिले आणि समाधानाने म्हणाले, "खडे सुटलेत."

"कुठले?"

"आतल्या कानात चुन्यासारखे बारीक कण असतात. ते जागा सोडून नळीत शिरले की असं होतं. आत्ता पाच मिनिटांत जागेवर घालतो."

पाच मिनिटांत! दाराबाहेर दुकान बंद करून आलेले मेहुणे, उपाशी बहीण, आणि इथे शेजारी देवापुढे दिवा लावून निघालेली बायको. आणि मी पाच मिनिटांत बरा होऊन बाहेर जाऊ? काही इभ्रत आहे की नाही?

"आणि यंत्र?" मी विचारलं.

"यंत्र कशाला? ते अजून मोजक्या ठिकाणी, अभ्यास म्हणून बसवतात. तेही दोन्ही कानांचा तोल पार गेलेल्यांना."

"मग माझे दोन्ही गेलेत का, ते बघा की साहेब!"

डॉक्टरांनी कानात आवाज येतो का, ऐकू कमी येतं का, अंधारात तोल जातो का, असं बारकाईने विचारलं. मी उदारपणे सगळ्याला हो म्हटलं. शेवटी ते म्हणाले, "ठीक आहे, पूर्ण तपासणी करू." मी विजयी मुद्रेने मंगलाकडे पाहिलं.

तपासणीच्या खोलीत एका मॅडमनी माझ्या डोळ्यांवर कॅमेऱ्याचा जाडजूड चष्मा चढवला. त्यातून मला मिट्ट काळोख दिसत होता आणि माझे डोळे मात्र मॅडमना पडद्यावर दिसत होते. त्या दार लावायला गेल्या, तर बाहेरून अक्का म्हणाली, "दार लावू नका ताई, मना भाऊ अंधारमा घाबरस." दार अर्धं उघडं राहिलं.

"आता कानात पाणी सोडणार," मॅडम म्हणाल्या. "आधी कोमट, मग गार. दोन्ही कानांत, म्हणजे चार वेळा. गरगरेल. गरगरायलाच हवं. त्या वेळी डोळे उघडे ठेवायचे आणि बोलत राहायचं. गप्प बसलात की मेंदू डोळे आवरतो आणि टेस्ट बिघडते. नावं घ्या कसलीही. गावांची, फळांची, नातेवाइकांची."

नातेवाइकांची! आता सांगायला हवं की आमच्या भाऊकीत कुणाचंही लग्न निघालं की पत्रिकेतल्या नावांची यादी मीच करतो. आमच्याकडे जेवणात मीठ कमी पडलेलं चालतं, पत्रिकेत नाव राहिलेलं चालत नाही. एक नाव राहिलं की एक घर तुटतं. आजवर माझ्या यादीत एक नाव चुकलेलं नाही, असा माझा लौकिक आहे.

उजव्या कानात कोमट पाणी शिरलं आणि पलंग माझ्यासकट फिरू लागला.

"बोला!"

"कैलासवासी आनंदा दगडू, कैलासवासी तुळशीराम आनंदा..."

"अहो काका, हयात माणसं घ्या!"

"पत्रिकेत आधी कैलासवासीच असतात!" मी ओरडलो, कारण पलंग आता छताला लागला होता. पहिल्या पाण्यात आजोबांची शाखा संपली. दुसऱ्या पाण्यात चुलते, त्यांची मुलं, नोकरीच्या हुद्द्यांसकट. तिसरं पाणी गार होतं आणि त्यात मी चुलतभाऊ धनराजचं नाव दोनदा घेतलं, ज्याच्याशी बांधावरून आमचं सात वर्षं बोलणं नाही. (पण पत्रिकेत नाव असतंच. भांडण वेगळं, पत्रिका वेगळी.) चौथ्या पाण्याला मी बालगोपाळांवर आलो आणि "आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं!" असं खणखणीत आवाजात म्हणून थांबलो. टेस्ट संपली.

"दोन्ही कान ठणठणीत," मॅडम म्हणाल्या. "आणि इतकं सलग बोलणारा पेशंट मी आजवर पाहिला नाही."

मी चष्मा काढला. दारात सुरेशराव उभे होते. चेहरा असा, जणू कुणी त्यांच्या दुकानातलं बियाणं बोगस म्हटलंय.

"बठ्ठासनं, सगळासनं नाव लिधं," ते हळूच म्हणाले. "त्या धनराजनंबी लिधं. दोनदा. आनि मी कोन शे? डायव्हर?"

"सुरेशराव, ती भाऊकीची यादी! तिच्यात सासरवाडी नसते!"

बरोबरच होतं ते. पण माणसाने बरोबर कधी बोलावं याचा तोल माझ्या कानात नाही. सुरेशराव तडक जिना उतरले, आणि पाठोपाठ त्यांच्या गाडीचा आवाज आला, तोही लांब जाणारा.

मग डॉक्टरांनी माझं डोकं उजवीकडे, डावीकडे, खाली असं सावकाश फिरवलं, थोडा वेळ बसवलं आणि म्हणाले, "झालं. बसले खडे." घड्याळात पाहिलं. पाच मिनिटं.

आम्ही बसस्टँडवर भरीत-पुरी खाल्ली. म्हणजे मी आणि अक्काने. मंगलाने डब्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"डॉक्टरांनी लिहून दिलंय," मी कागद पुढे केला. "किल्ली."

"दादा तुमच्याबरोबर जेवायला बसेल, त्या दिवशी किल्ली."

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात धनराज! हातात सफरचंदं. (यावलमध्ये आजाऱ्याला केळी कोण देणार?) बातमी त्याच्यापर्यंत पोचली होती. डोळे पुसत म्हणाला, "भाऊ, मराच्या दारात तू माह्यं नाव घेतलं म्हने! अन् सख्खा मेहुना नाही आठवला!" त्याने मला मिठी मारली. मंगला आतून चहा घेऊन आली आणि कप असा आदळला की बशी फुटली. एका तपासणीत मी सात वर्षांचं वैर मिटवलं होतं आणि बत्तीस वर्षांची सोयरीक घालवली होती.

दोन महिने फोन झाले, निरोप झाले, सुरेशराव काही हलले नाहीत. शेवटी मी आणि मंगला धरणगावला गेलो. दुकानात गिऱ्हाईक उभं होतं. सुरेशरावांनी खुर्ची दिली नाही. बराच वेळ पावती लिहून झाल्यावर म्हणाले, "दाजी, कान बरा शे?"

"एकदम."

"मंग डोया मीचा. एक पाय वर करा. आनि घ्या नावं. आमना घरनी यादी."

खताच्या पोत्यांमध्ये, चार शेतकऱ्यांसमोर, मी डोळे मिटले आणि एक पाय उचलला. "श्री. सुरेशराव!" पहिलंच नाव. मग त्यांच्या सौभाग्यवती निर्मलावहिनी, दोन्ही मुलं, सुना, नातू, चुलत घराणं, मामांकडचे. एक नाव चुकलं नाही, पाय टेकला नाही. डोळे उघडले तर सुरेशराव हसत होते, त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "चाला घर," ते म्हणाले, "आते जेवन करीसनच जावानं." शेतकऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझा ऊर भरून आला. मी मंगलाकडे वळून हात पुढे केला, "किल्ली!"

ती हसत नव्हती.

"माझ्या माहेरचे सगळे घेतले. माझं नाव?"

"अगं, दिलेल्या मुली जावयाच्या नावाखाली येतात. जावई मी. स्वतःचं नाव कसं घेणार?"

"आणि तुमच्या भाऊकीच्या यादीत?"

"तिथे यादी करणारा स्वतःला धरत नाही. म्हणून... त्याची सौ.सुद्धा..."

एरवी माझ्याशी पुस्तकी मराठी बोलणारी मंगला माहेरच्या बोलीवर आली. "म्हंजे मी कोनती यादीमा शे?"

मी किल्लीसाठी पुढे केलेला हात मागे घेतला. बत्तीस वर्षं इतक्या लग्नांच्या याद्या केल्या, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता, आणि त्याची मला मनापासून लाज वाटली. "चुकलो," एवढंच म्हणालो. तिने पर्सची चेन ओढून घेतली.

पुढच्या पंधरा दिवसांत मंगला मोपेड शिकली. आता मी रोज सकाळी बागेत जातो. ती चालवते, मी मागे तिच्या खांद्याला धरून बसतो, आणि वाटेत कुणीही भेटलं तरी मी कुणाचंही नाव घ्यायचं नाही, अशी मला सक्त ताकीद आहे.