येक, दोन, तीन

गुरुमूर्ती रायरांचा आवाज कुंभकोणमनं चाळीस वर्षं ऐकला, पण त्यांचं म्हणणं काय आहे हे कुणी कधी ऐकलं नव्हतं. लग्न असो, निवडणूक असो, रथोत्सवात हरवलेलं मूल असो, लाउडस्पीकर रायरांचाच. सभेआधी ते माईकवर बोटानं टिचकी मारत आणि म्हणत, "येक, दोन, तीन." बस्स. मग बोलणारे बोलत आणि रायर ॲम्प्लिफायरशेजारी लोखंडी खुर्चीवर मुकाट बसत.

ही मोजणी घरची. घराणं मराठ्यांच्या काळात तंजावरकडे आलं. तीनशे वर्षांत बाहेरची बोली तमिळ झाली, देवाशी भांडण तमिळमध्ये होऊ लागलं, पण मोजायचं ते मराठीतच राहिलं. वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, पहिला माईक आणला, तो तपासताना त्यांच्या तोंडून आपोआप "येक, दोन, तीन" गेलं. गावाला वाटलं, माईकची भाषाच ही! पुढं रायरांनी "तीन" म्हटलं की रस्त्यावरून कुणीतरी हमखास ओरडायचं, "नालु!" म्हणजे तमिळमधला चार. गावाची ही जुनी थट्टा, आणि रायरांनाही ती आवडायची.

गुरुवारी दुपारी विघ्नेश रायरांच्या लाउडस्पीकरच्या दुकानात आला. रायरांच्या बहिणीचा मुलगा. लहानपणी याच दुकानात बसून स्क्रू मोजायचा, तेही मराठीत. आता तो पुढारी झाला होता, गावात त्याची पोस्टरं लागत. नावामागचं राव त्यानं पोस्टरवरून कधीच गाळलं होतं.

"मामा, शनवारीं मैकसेट पाह्यजे. रथ उभा ऱ्हातो त्या कोपऱ्यावर. परवानगी झाली."

दुकानामागच्या घरातून गोमती, रायरांची बायको, हात पुसत आली. "देऊं नका हो. हा काय बोलणार तें अख्ख्या गांवाला ठाऊक आहे."

ठाऊक होतंच. त्या आठवड्यात प्रत्येक फोनवर एक व्हिडिओ फिरत होता. शेजारच्या तिरुविडैमरुदूरकडे उत्तरेतल्या मजुरांनी मूल पळवलं म्हणे. मूल कुठलं, आई कोण, कुणालाच माहीत नव्हतं. पोलिसांनी खोटं आहे म्हणून सांगितलं, तर लोक म्हणाले, पोलीस असंच सांगणार. रथाच्या कोपऱ्यापासून तीनशे पावलांवर भातगिरणीचं जुनं गोदाम आहे. तिथं ओडिशातले अकरा हमाल राहत. विघ्नेश त्यांना गावाबाहेर काढायला निघाला होता.

"आप्पांचा नेम आहे," रायर बायकोला म्हणाले. "मैक देणाऱ्यानें तोंड निवडूं नये."

"नेम धरून बसा तुमी," गोमती म्हणाली आणि आत गेली. त्या दिवशी तिनं कॉफी दिली ती थंड झालेली.

शनिवारी पाच वाजता रायरांनी खांबावर चार कर्णे बांधले. विघ्नेश खाली उभा राहून बोट दाखवत होता. "मामा, तो येक गोदामाकडं फिरवा. ऐकूं दे त्यांस बी." रायरांनी फिरवला. फिरवताना त्यांना त्या गोदामातल्या दैतारीची आठवण झाली. उत्सवात कर्णे बांधायला हाच माणूस खांबावर सरसर चढायचा. गावाची थट्टा त्यानंही उचलली होती, फक्त तो "नालु" न म्हणता त्याच्या भाषेत "चारि!" म्हणायचा. आपल्या च्यारला या बेट्याचा चारि जास्त जवळचा, असं म्हणून रायर हसायचे. आज त्याच माणसाच्या दिशेनं कर्णा बांधताना त्यांना स्वतःची शरम वाटली, पण गाठ त्यांनी पक्कीच मारली. सवय दुसरं काय करणार?

सव्वापाचला विघ्नेशनं मंचावर चढून माईक हातात घेतला. घाईगडबडीत रायर टिचकी मारून मोजायचं विसरले, हे गोमतीला घरी बसूनही कळलं.

माणूस बोलायला हुशार, हे मान्य करायला हवं. आधी विनोद, मग गावाची कीर्ती, मग इथल्या विड्याच्या पानाचं कौतुक. दोनशे माणसं खुलली. मग हळूहळू आवाज चढला. हे वडक्कन आपली कामं खातात. वडक्कन म्हणजे उत्तरेकडचा, पण विघ्नेशच्या तोंडात ती शिवीच होती. हे रस्ता घाण करतात. आपल्या पोरींकडे बघतात. आपली मुलं पळवतात. टाळ्या पडत होत्या, पण आता टाळी वाजवणारे हसत नव्हते.

कापडवाले सुब्रह्मण्य पुढच्या रांगेतून उठून रायरांच्या कानाशी वाकले. "रायर, वायर ओढा. करंट गेला म्हणून सांगू."

कोपऱ्यावर एकच पोलीस होता. तो चहाच्या पेल्यात बघत होता.

रायरांचा हात वायरीवर गेला आणि तिथंच थांबला. ही वायर एकदा ओढली गेली होती. ते सोळा वर्षांचे होते. याच कोपऱ्यावरच्या सभेत एक झाडूवाला धीर करून उठला, माईकजवळ गेला आणि म्हणाला, आमच्या गल्लीत नळ कधी येणार? पुढच्या रांगेतल्या बड्या मंडळींनी डोळ्यांनी खुणावलं. आप्पांनी वायर ओढली. तो माणूस कितीतरी वेळ ओठ हलवत उभा होता आणि लोक हसत होते. आप्पा घरी येऊन जेवले नाहीत. त्यानंतरच्या सभेपासून त्यांचा तो नेम सुरू झाला, आणि मरेपर्यंत त्यांनी तो मोडला नाही.

आज वायर ओढणं पुण्याचं, हे रायरांना दिसत होतं. पण हात तोच, वायर तीच, आणि खुणावणारेही पुढच्या रांगेतलेच. शिवाय दोनशे माणसं तापलेली. आवाज बंद झाला म्हणून पाय थोडेच थांबणार होते? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

"पहाटे गिरणीपाशी उभे राहा!" विघ्नेश ओरडत होता. "पोती उतरवताना हे कुठल्या भाषेत मोजतात ते ऐका! आपल्या रस्त्यावर, आपलं भात, आणि मोजणी यांची! जो आपल्या रस्त्यावर परक्या भाषेत मोजतो, तो आपला नाही. उठा! आत्ताच्या आत्ता गोदाम रिकामं करू!"

पुढच्या दोन रांगा उठल्या. मागून कुणीतरी शिट्टी मारली. गोदामाची खिडकी धाडकन लागल्याचा आवाज आला.

ॲम्प्लिफायरजवळ रायरांचा एक जुना माईक असतो, फक्त तपासण्यापुरता. त्यांनी तो उचलला. बटण दुसऱ्या खेपेला लागलं.

"येक," रायर म्हणाले.

चारी कर्ण्यांतून तो शब्द गावभर गेला. विघ्नेशनं वळून पाहिलं.

"दोन. तीन."

उठलेली माणसं अर्धवट वाकलेली थबकली. चाळीस वर्षांत भर भाषणात कुणी माईक तपासला नव्हता. आज कुणी "नालु" म्हणालं नाही. रस्त्यावर अशी शांतता पडली, की रायरांना वाटलं, संपलं सगळं.

आणि तीनशे पावलांवरून, बंद खिडकीआडून, घाबरलेल्या गळ्यानं कुणीतरी ओरडलं, "चारि!"

विघ्नेशच्या भाषणातली एक शिवी तेवढी दैतारीला कळली असेल. पण ही मोजणी त्याला पाठ होती. रायर बोलतायत, म्हणजे भिण्यासारखं काही नाही, असं त्या बिचाऱ्याला वाटलं. रायरांना हुंदका आला, आणि तोही कर्ण्यातून सगळ्यांनी ऐकला.

"हे येक, दोन, तीन माईकचे नाहीत," ते तमिळमध्ये म्हणाले. "माझ्या घरातले आहेत. मराठी आहे ती. आमचं घराणं उत्तरेकडून आलं. मी चाळीस वर्षं तुमच्या रस्त्यावर परक्या भाषेत मोजतोय आणि तुम्ही माझ्यापुढचा आकडा म्हणताय. गोदाम रिकामं करायचं असेल तर वाटेत माझं दुकान लागतं. आधी ते करा."

मग ते भाच्याकडे वळले आणि घरच्या भाषेत बोलले. अख्ख्या गावानं ती भाषा कर्ण्यातून पहिल्यांदाच ऐकली. "विघ्नेशा, तुझा मैक मी तोडलों नाहीं. बोल. तुझ्या आईनें शिकविलें तसें मोज. तीनाच्या पुढें काय?"

विघ्नेशचा माईक चालू होता. त्याचा श्वास चारी कर्ण्यांतून ऐकू येत होता. समोर त्याला मतं देणारी माणसं होती आणि ती त्याच्या ओठांकडे बघत होती. त्याला तमिळमध्ये "नालु" म्हणता आलं असतं. तेही त्याच्यानं म्हणवलं नाही. शेवटी त्यानं माईक फळीवर ठेवला, बंद न करताच. त्याच्या चपलांचा आवाज पायऱ्या उतरेपर्यंत गावभर ऐकू येत होता.

सगळे शहाणे होऊन घरी गेले, असं झालं नाही. सात-आठ जण गोदामापर्यंत गेलेच. तिथं पायरीवर सुब्रह्मण्य आणि शेजारचे तिघे दुकानदार मांडी घालून बसले होते. शिव्या झाल्या, एक दगड दारावर बसला, आणि ते लोक परतले. पहाटेच्या गाडीनं अकरांतले चार हमाल गावी निघून गेले. दैतारी राहिला. बहिणीनं रायरांचा फोन घेणं बंद केलं. तुम्ही वायर आधीच का नाही ओढलीत, म्हणून निम्मं गाव रायरांवर चिडलंय. चालू भाषणात तोंड का घातलंत, म्हणून उरलेलं निम्मं.

त्या संध्याकाळी रायर कर्णे उतरवून घरी आले. गोदामाकडे फिरवलेला कर्णा त्यांनी सगळ्यात आधी सोडला होता, पण त्याची गाठ आपणच मारली हे काही मनातून जात नव्हतं. गोमतीनं कढत कॉफी समोर ठेवली आणि विचारलं, "विघ्नेश उद्यां परत आला तर त्याला मैक देणार कां?"

रायरांनी पेल्यात फुंकर घातली. "देईन," ते म्हणाले. "पण कर्णा तो म्हणेल तिकडं बांधणार नाहीं. आणि दुसरा मैक माझ्या हातांत ऱ्हाईल."

"मग बोलाया शिका," गोमती म्हणाली. "चाळीस वर्सांत तीन शब्द बोललांत. चवथा गोदामांतल्या त्या परक्या पोराला म्हणावा लागला."