पाण्याच्या गेममधल्या पाच रिंगा

भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की मी उठून चहा टाकायला जाणारी बाई... काडीचा विश्वास नव्हता. म्हणूनच हे लिहायला दोन वर्षं लागली.

आम्ही जबलपूरला, गोरखपूर भागात राहतो. मी शाळेत ड्रॉइंग शिकवते आणि घरी ऑइल पेंटिंग करते — अगदी फोटो वाटावा असं. तेव्हा लहानपणच्या वस्तूंचं एक मोठं चित्र काढायला घेतलं होतं. लाकडी शटरचा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही, च्युइंगमसोबत मिळणारे क्रिकेटपटूंचे स्टिकर आणि टीव्हीवर ठेवलेला पाण्याचा गेम. बटण दाबलं की आतल्या रिंगा उसळून खुंटीत अडकायच्या, तो. पाचही रिंगा मी तळाशी रंगवल्या होत्या.

एका सकाळी बघते तर दोन रिंगा खुंटीवर!

"अहो, चित्राला हात लावला का?"

"मला साधी रेघ ओढता येत नाही, वसू. तूच केलं असशील अन् विसरली असशील."

हे सहज बोलून गेले. मला मात्र आई आठवली. तिला पंचावन्नाव्या वर्षी विसरण्याचा आजार लागला होता. वरणात तीनदा मीठ घालायची. पुढे तर मला परकी समजून हिंदीत विचारायची, "आप किसके यहाँ से आई हैं?" ...आणि मला चौपन्नावं सुरू होतं.

फोनमध्ये आदल्या संध्याकाळचा फोटो होता. त्यात रिंगा तळाशीच — म्हणजे रात्रीत मीच उठून रंगवल्या असणार. ऑइलचा रंग एका रात्रीत वाळत नाही, आणि हा तर खडखडीत वाळलेला — पण भीतीपुढे तेही सुचलं नाही.

डॉक्टरांकडे गेले. त्यांनी कागदावर घड्याळाचं चित्र काढायला लावलं, शब्द आठवायला लावले. "मैडम, आप बिलकुल ठीक हैं." घरी आले तर तिसरी रिंग वर!

मग मी सगळे रंग, ब्रश ओमती भागात नणंदेकडे नेऊन ठेवले. खोलीला कुलूप लावलं, किल्ली ह्यांच्या खिशात.

आठ दिवसांनी, रविवारी दुपारी चारला ह्यांनी कुलूप काढलं. अजून तीनच रिंगा वर होत्या. जरा हायसं वाटलं, तिथेच चहा घेत बसलो. चित्राकडे माझी पाठ होती. बोलता बोलता ह्यांनी माझ्या मागे बोट दाखवलं.

"वसू... ती रिंग वर जाऊन राहिली."

मी वळले. चौथी रिंग डुलत डुलत, अगदी सावकाश वर चढत होती. खुंटीला टेकली, घसरली, बसली. मी बोट लावून पाहिलं — कोरडं. ह्यांच्या मांडीवर चहा सांडला होता, पण त्यांना पत्ताच नव्हता.

"तुम्हाला दिसलं ना? खरंच दिसलं ना?"

"दिसलं ना! पण तू काहून हसून राहिली?"

मी हसत होते आणि रडतही होते. चित्रात भूत असो नाहीतर आणखी काही... माझं डोकं शाबूत होतं! त्या दिवशी किती दिवसांनी मी पोटभर जेवले.

त्यानंतर काही हललं नाही. शाळेतल्या केमिस्ट्रीच्या सरांना फोटो दाखवले. त्यांनी ते मोठे करकरून पाहिले आणि मी कोणत्या कंपनीचे रंग वापरते ते लिहून घेतलं. हे आजही त्या खोलीत एकटे जात नाहीत. मी रोज जाते, फडकं मारते.

असं का झालं, मला अजून माहीत नाही. तुमच्यापैकी कोणाला कळलं तर जरूर लिहा. नाही कळलं, तरी माझी काही तक्रार नाही.