पिवळे पंजे

"ओलं कर, उन्हात टाक, अन् गप बस." हळदीच्या डागावर शेजारच्या मावशीचं औषध एवढंच. सांगताना ती तळवा आभाळाकडे करायची, जणू सूर्य तिच्या घरचा गडी.

मी नवी नवरी म्हणून पांढुर्ण्याला आले, तेव्हा स्वतःला फार हुशार समजत होते. पातळावरच्या हळदीवर साबणाची निम्मी वडी झिजवली. डाग लालभडक झाला. रक्तच आलं समजून मी मोरीत रडत बसले. मावशी कुंपणावरून म्हणाली, "कोनाले मारलं वं?" तिनं पातळ खंगाळलं आणि ओलंच तारेवर टाकलं. दुपारपर्यंत डाग गेला. माझी हुशारी जायला मात्र बरीच वर्षं लागली.

गल्लीतली सगळी पातळं तिनं अशी उजळली. एक सोडून. तिच्या पोरीनं आपल्या हळदीच्या दिवशी माखल्या हातांनी आईला मागून मिठी मारली होती. फिक्या पदरावर दोन पंजे उमटले. पोर सौंसरला दिली, आणि वर्षाच्या आत बाळंतपणात गेली. ते पातळ मावशीनं कधी धुतलं नाही. घोंगडीत गुंडाळून पेटीच्या तळाशी ठेवलं. उन्हाचा तिला जेवढा भरवसा, तेवढंच भेव.

मागच्या उन्हाळ्यात ती मोतीबिंदू काढायला नागपूरला गेली. तिच्या सुनेनं मागे घर झाडलं, पेट्या उपसल्या आणि जुना डाग बघून मायेनं तेच केलं, जे सासूनं शिकवलं होतं.

मावशी काळा चष्मा लावून, पातळ घेऊन माझ्याकडे आली. "माहे डोये नवे हायेत. तू पाह्य. पिवळं दिसते काय?"

खोटं बोलण्यात माझा हात कोणी धरत नाही. त्या दिवशी एकही सापडलं नाही.

माझी नात तिथंच होती; कॉलेजात रसायनशास्त्र शिकते. ती म्हणाली, "आजी, सगळी हळद वाहून नाही गेली. उन्हात न दिसणारे किरण असतात. ओल्या कापडात ते हळदीचे रेणू तोडतात. तुकडे असतील अजून, पण तुटले की रंग राहत नाही."

"तुटलंच ना," मावशी म्हणाली. "मंग 'हाय' कशाले म्हन्तं, माय?"

जाताना मला बजावलं, "सुनेले सांगू नको. तिनं चांगलंच केलं."

दुसऱ्या दिवसापासून ते पातळ ती रोज नेसू लागली. नळावर, बाजारात, दळणाला. थंडीपर्यंत त्याचं पोतेरं झालं. होळीच्या आधी मावशी गेली. आजार काही नव्हता.

परवा सून माझ्या ओट्यावर येऊन बसली. "काकू, डोळे सुधरल्यावर आई बोलायच्याच बंद झाल्या होत्या. माह्यं काही चुकलं काय?"

"नाही वं," मी म्हटलं. "वय झालं होतं."