कानसेनांचा पक्षी

कल्पना करा, तुम्हाला एका पक्ष्याचा फोटो काढायचा आहे. त्याचं नाव माहीत नाही, रंग माहीत नाही, तो चिमणीएवढा की कावळ्याएवढा तेही नाही. एवढंच ठाऊक आहे की पानगळ सुरू झाल्यापासून रोज सकाळी साडेसहाच्या सुमारास तो घरामागच्या झुडपांत कुठेतरी बोलतो. त्यात काय अवघड, तुम्ही म्हणाल. आवाजाच्या रोखाने जायचं. बरं, आता त्यातून आवाजच काढून टाका.

आमच्या सूतगिरणीतले निवृत्त फिटर काका दोन महिने हे काम करत होते.

गिरणीत त्यांना सगळे कानसेन म्हणत. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक ते चालू यंत्रावर टेकवायचे, मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटून सांगायचे, "डावीकडचं बेअरिंग. आठवडाभर ओढेल, मग बसेल." आठवड्याने ते बसायचंच. मी नवा इंजिनिअर म्हणून रुजू झालो तेव्हा माझ्या हातात कंपनं मोजायचं यंत्र होतं. काकांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि विचारलं, "साहेब, याला सर्दी होते का?" अख्खं वर्कशॉप हसलं. मलाही हसावं लागलं, कारण माझ्या यंत्राचा आकडा यायच्या आधी त्यांचं निदान झालं होतं, आणि ते बरोबर होतं.

निवृत्तीच्या दिवशी आम्ही सगळ्यांनी मिळून त्यांना लांब भिंगाचा कॅमेरा दिला. काकूंना वाटलं, आता दोघं जरा फिरू. पण वर्षाच्या आत काकूंच्या मणक्यात गाठ निघाली आणि त्यांचा पलंग मागच्या खोलीत खिडकीपाशी लागला. डॉक्टरांनी काकांना बाजूला घेऊन सांगितलं, पुढचा हिवाळा त्या बघतील असं वाटत नाही.

पडल्यापडल्या त्या खिडकीतून आभाळ दिसायचं आणि एका झाडाचा शेंडा. बाकीचं जग काकूंना कानांनीच कळायचं. एका सकाळी त्या म्हणाल्या, "अहो, ऐकलंत? काय बारीक शीळ घालतोय! सुईत दोरा ओवावा तशी."

काकांना काहीच ऐकू आलं नव्हतं. गिरणीच्या गोंगाटात तीस वर्षं काढली की वरच्या पट्टीतले आवाज आधी जातात. बेअरिंगची घरघर खालच्या पट्टीतली, म्हणून कामात ते कधी उघडं पडलं नाही. घरात फोन वाजला तरी ते पेपर वाचत बसायचे आणि काकूंना वाटायचं, निवृत्त माणसाचा आळस. कानसेनाने कोणत्या तोंडाने सांगायचं?

"ऐकला की," काका म्हणाले. "गोड आहे."

"मग एकदा दाखवा ना मला, कसा दिसतो ते. की कॅमेरा नुसता पुसायला ठेवलाय?"

काका दुसऱ्या दिवसापासून निघू लागले. घरामागची पायवाट, ओढा, कापणी झालेलं शेत आणि बांधावरची पिवळी पडत चाललेली झाडं. एवढाच मुलूख, अर्ध्या तासाचा. त्यांनी आपली एक पद्धत बसवली होती. ज्याची चोच उघडी आणि गळा फुगलेला, तो बोलतोय. त्याच क्षणी बटण दाबायचं. यंत्राकडे बघावं तसे ते पक्ष्यांच्या गळ्यांकडे बघत.

पहिला मिळाला धोबी पक्षी. ओढ्यातल्या दगडावर, चोच उघडी. काकूंनी चष्मा लावून पाहिला. "एवढुसा? आणि ऐट बघा, तुमच्या मुकादमासारखी!" चार दिवस तोच 'आपला पक्षी' होता. पाचव्या दिवशी एक धोबी थेट खिडकीच्या कट्ट्यावर येऊन बोलून गेला. काकूंनी मान हलवली. "हा नव्हे हो. कानसेन, चुकलात!"

दोघं हसले. त्या हसण्यात सांगून टाकता आलं असतं, असं काका नंतर मला म्हणाले.

मग वटवट्या आणला, खंड्या आणला, नाव न कळलेले पाचसहा आणले. काकू फोटोच्या कोपऱ्यातली वेळ वाचू लागल्या. "सात वाजून दहा? तो तर सातलाच गप्प झाला होता."

"घड्याळ पुढे असेल कॅमेऱ्याचं."

"असेल," काकू म्हणाल्या. त्यानंतर त्यांनी वेळ वाचली नाही. फोटो मात्र प्रत्येक बघितला. झाडांची पानं विरळ होत गेली आणि काकूंचं बोलणंही. झाडं पुरती उघडी पडायच्या आत त्या गेल्या.

मी भेटायला गेलो तेव्हा काकांनी सगळे फोटो टीव्हीवर लावले. दोनशेच्या वर होते. "तुम्ही शिकलेले. यातला कुठला, तेवढं शोधून द्या."

मी म्हटलं, आवाज रेकॉर्ड करू, त्यावरून नाव काढता येईल. आम्ही दोन दिवस पहाटे खिडकीत फोन ठेवला. वाऱ्याशिवाय काही मिळालं नाही. ऋतूबरोबर तो निघून गेला असावा. शेवटी मी फोनमध्ये साठवलेल्या शिळा एकेक करून ऐकवू लागलो, म्हटलं एखादी ओळखतील. काका मान तिरकी करून वाट बघत होते. "लावा की साहेब."

शीळ चालूच होती. खोली भरून गेली होती.

मी फोन बंद केला. काकांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि मग वर लिहिलेलं सगळं त्यांनी मला सांगितलं. सांगून झाल्यावर त्यांनी पलंगाच्या उघड्या गादीवर हात ठेवला.

"शेवटचा आठवडा ती काही विचारायची नाही," ते म्हणाले. "सकाळी नुसतं एक बोट उचलायची, खिडकीकडे. माझ्याकडे बघत. थोड्या वेळाने खाली. मग परत वर. मला वाटलं, दुखतंय. मी औषध द्यायचो. ती मुकाट्याने घ्यायची."

मग काका माझ्याकडे वळले.

"मला एक सांगा साहेब, ज्याला ऐकू येतं त्याला कुणी असं बोट करून दाखवतं का?"