दत्तक

मंद्रूपच्या चांगुणाला दुष्काळाचं भ्या वाटलं नव्हतं. नवरा गेला तेव्हाही ती पदर खोचून सरकारी कामावर खडी फोडायला बसली. ती घाबरली एका शब्दाला.

कामावर सुकडी वाटणाऱ्या सोलापूरच्या बाई साखरेसारख्या गोड आवाजात म्हणाल्या, "तुमच्या सुंदराला आमची संस्था दत्तक घेणार, बरं का."

गावात दत्तक म्हणजे पोर देऊन टाकायचं, त्याचं नाव-कूळ बदलायचं, नि वाटेत दिसलं तरी आपलं म्हणायचं नाही. शेजारची दगडाबाई तर म्हणाली, "झ्याक झालं की गं. पोर चपला घालून मिरवंल आन तुलाच इचारंल, कोन तुमी?"

दुसऱ्या दिवशी बाईंची जीप वाजली तशी चांगुणानं पोरीला रिकाम्या कणगीत उतरवलं आणि वर सूप झाकलं.

"सुंदरा कुठंय?"

"मामाकडं गेलीया, जेऊरला."

तेवढ्यात कणगी बोलली, "आये, बाईंनी सुकडी आनलीया का?"

चांगुणा कणगीला पाठ लावून उभी राहिली. "न्हाय देनार, बाई. उपाशी ऱ्हाईल, पर माज्यापाशी ऱ्हाईल."

"अहो, नेतंय कोण तिला? पोर तुमच्याच घरात राहील. तिचं दूध, शाळा आम्ही बघू, आणि तुम्हालाही धान्य देऊ."

"मग आई कोन?"

"तुम्हीच की."

बाईंच्या तोंडून तो गावचा 'की' ऐकला, तेव्हा कुठं चांगुणानं सूप काढलं. सुंदरा सुकडी खात होती तोवर तिच्या परकराचं टोक मात्र आईच्या मुठीतच होतं.