बाभळीच्या शेंगांचा आहेर

सूड म्हटला की लोकांना कोर्ट-कचेरी आठवते, निदान भावकीतली मारामारी तरी. मला शेळीच्या लेंड्या आठवतात, आणि आठवल्या की अजून गुदगुल्या होतात.

आमचं रान सोनपेठच्या पुढं, गोदावरीकडं उतरत जाणाऱ्या पट्ट्यात. सगळी जमीन काळीभोर, फक्त माझ्या वाट्याला वरच्या अंगाचा एक मुरमाड तुकडा आलेला. तिथं कापूस गुडघ्याला लागला की पिवळा पडायचा. बांधापलीकडं माझ्या थोरल्या चुलतभावाचं रान. त्याला मी दादा म्हणतो. त्याचं पीक हिरवंगार, आणि हॉटेलात बशीत चहा ओतून तो चारचौघांत म्हणायचा, "जमिनीत काय ठिवलंय? मानसाच्या हाताला गुन लागतो!"

गुण कसला! उन्हाळ्यात मेंढपाळ शेळ्या-मेंढ्यांचा कळप घेऊन आमच्याकडं येतो. रात्री शेतात जाळी लावून कळप बसवायचा आणि बदल्यात ज्वारी द्यायची, ही जुनी पद्धत. लेंड्या आणि मूत रानात मुरतं, पुढची दोन-तीन पिकं तरारतात. मेंढपाळाशी बोलणी दर वर्षी मी करायचो. ऐनवेळी जास्तीची ज्वारी दाखवून कळप आपल्या रानात वळवायचा दादा. माझा तुकडा उपाशीच.

पण यात एक गोम होती. कळप येतो तेव्हा ओढ्याकाठच्या बाभळींच्या शेंगा वाळून पडलेल्या असतात. शेळ्यांना त्या पेढ्यासारख्या. शेंगेचा गर पचतो, बी मात्र टणक. काही बी रात्री रवंथ करताना थुंकलं जातं, काही पोटातून जसंच्या तसं बाहेर येतं, तेही खताच्या लाडवात बसून. म्हणून शेंगा खाल्लेला कळप आधी काही रात्री ओढ्याकाठच्या पडीक रानात बसवायचा, पोट निवळलं की मग पिकाच्या रानात आणायचा, ही आमच्या घरची रीत. दादाला ती कधी कळलीच नाही, कारण तो कळप पळवायचा तो माझ्या पडकातून, निवळलेल्या पोटाचा. आयत्या बिळावर नागोबा.

त्या वर्षी मात्र नागोबाला घाई झाली. कळप येऊन ओढ्याला टेकतोय तोच मेंढपाळ डोकं खाजवत माझ्याकडं आला.

"मालक, तुमचे दादा हौद भरून पानी देतो म्हनायलेत. आजच या म्हनायलेत. जनावरं तहानलीत, काय करू सांगा."

"शेंगांचं सांगितलंस का त्यांना?"

"सांगाया गेलतो. म्हनले, मेंढरं राखतोस ना, मग तेवढीच राख."

माझ्या तुकड्याचं आणखी एक वर्ष पाण्यात चाललं होतं. आणि मग, देवा शप्पथ, इतका सुंदर विचार मनात आला की मी उठून चप्पलच शोधायला लागलो.

"जा. खुशाल जा," मी म्हणालो. "पण उपाशी पोटी पाहुणचाराला जाऊ नये. चल, माझ्या बाभळी झोडपू."

मेंढपाळानं मिशीत हसून आकडीची लांब काठी उचलली. दुपारभर आम्ही दोघांनी ओढ्याकाठच्या माझ्या एकूण एक बाभळी झोडपल्या. मी तर आग्रह करकरून वाढत होतो. एक म्हातारी शेळी तोंड फिरवायला लागली तर तिच्यापुढं हात जोडले, "घ्या आक्का, आणखी एक घास. दादाच्या नावानं."

दिवस मावळता कळप ढेकर देत बांध ओलांडून गेला.

सकाळी मी मुद्दाम बांधावर गेलो. जनावरं बसून गेलेली जमीन अजून कोमट होती. वर्षभराचं ऊन बाभळीनं शेंगेत साठवलं, शेंगेतून ते शेळीत गेलं, आणि आता त्याची ऊब वाऱ्यावर उडून चालली होती. ती काही कुणाच्या हाती लागत नाही. पण उन्हानं जे जे घडवलं होतं, ते खाली काळ्या गोळ्यांत पडून होतं, मातीत जाऊन पुन्हा उगवायला तयार.

दादा कमरेवर हात ठेवून म्हणाला, "बघ! यंदा लेंड्या कशा टपोऱ्या हायत!"

"तुझ्या हाताचा गुण, दादा."

पेरणी झाली. सोयाबीन उगवलं, आणि त्याच्या ओळी सोडून, ओळींत, जागा मिळेल तिथं बाभळी. इवलीशी नाजूक पानं आणि खाली पांढरे कोवळे काटे. खुरपणाऱ्या बायांनी दुपारीच खुरपी खाली ठेवली.

"भाऊ, सोयाबीन पेरलंय का काट्याची कुपाटी?" त्यातली मुकादमीण ओरडली. "आमच्या बोटांची चाळन व्हायलीय. आता मालकीनबाईला पाठवा खुरपायला!"

मालकीणबाई आली नाही. दादा आला. हाताला फडकं गुंडाळून, वाकून, एकेक रोप उपटत. मी माझ्या बाजूला, रानातल्या घरापुढं खुर्ची टाकून बसलो. बायको घरातून ओरडली, "आवो, लाज न्हाई का वाटत?" मी म्हटलं, "वाटली तर सांगतो."

एक गोष्ट मात्र मला झोंबली, तीही सांगतो. त्याचं सोयाबीन काट्यांतूनही झकास आलं. खत कुणी पळवून आणलंय, याच्याशी रोपाला देणंघेणं नसतं. माझा कापूस तेवढा गुडघ्याशी पिवळा पडला.

पुढच्या उन्हाळ्यात कळप आला, रीतीप्रमाणं पडकात बसला, आणि तिथून सरळ माझ्या मुरमाड तुकड्यात. दादा बांधापर्यंत आला, पलीकडं थांबला. बराच वेळ जनावरांच्या तोंडाकडं बघत होता, मुलगी बघायला आल्यासारखा.

"तुजं झालं की मपल्या रानात धाडशील का?" त्यानं विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा विचारलं. मग आवाज उतरवून, "ही काय खाऊन आलीत रं?"

खरं उत्तर साधं होतं. शेंगा पडकातच निवळल्या होत्या, आता पोटात नुसता कापसाचा पाला आणि पडकातलं गवत. सांगायला दोन क्षण लागले असते.

मी खुर्ची सावलीत ओढली, पायावर पाय टाकला, आणि आतल्या बाजूला हाक मारली, "अगं, चहा टाक. दादा आलाय, त्याला जरा वेळ बसावं लागेल."