बाप्पाच्या पाण्यात सायकलची ट्यूब

त्या वर्षी गणपती आणायचा की नाही, यावरूनच आमच्या घरात ठिणगी पडली. यांचं म्हणणं, नको. माझं म्हणणं, आणायचाच. आम्ही मूळचे मनमाडचे. रेल्वेच्या बदलीने जयपूरला आलो होतो आणि स्टेशनजवळच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. घरात नुकताच पहिला मोबाइल आला होता, तेव्हाची ही गोष्ट. लग्न झाल्यापासून आमचा दीड दिवसाचा गणपती कधी चुकला नव्हता आणि पूजा नेहमी हेच करायचे. पण त्या उन्हाळ्यात यांना अर्धांगवायूचा हलका झटका येऊन गेला. बोलणं सुधारलं, पाय सुटला, उजवा हातही व्यायामाने उचलता यायला लागला. फक्त त्या हाताच्या बोटांना काही कळेनासं झालं. गार कळेना, गरम कळेना, मऊ कळेना, टोकदार कळेना. एकदा चहाचं पातेलं चिमट्याशिवाय उचलून हे शांतपणे उभे राहिले. बोटांवर फोड आलेले मला दिसले, तेव्हा कुठे दोघांनाही समजलं.

दुसऱ्या कुणाचं असतं तर निभावलंही असतं. पण हे गाड्यांच्या डब्यांची तपासणी करणारे फिटर. गाडी फलाटाला लागली की चाकाजवळच्या पेटीला हात लावायचा आणि ती नको तितकी तापली आहे का ते सांगायचं, यात यांचं आयुष्य गेलेलं. आता दिवाळीआधी रेल्वेचे डॉक्टर तपासणार होते आणि मग ठरणार होतं, पुन्हा गाड्यांवर पाठवायचं की कायमचं टेबलाशी बसवायचं. डॉक्टर म्हणायचे, बोटांची जाण परत येईलही, कदाचित नाहीही येणार. या 'कदाचित'ने यांना पोखरून टाकलं. हे दिवसभर व्हरांड्यातल्या खुर्चीत बसून राहायचे. पेपर नाही, रेडिओ नाही, माझ्याशी भांडणसुद्धा नाही, आणि आमच्या घरात भांडण नसणं म्हणजे आजारपणच. पूजेचं म्हटलं तर म्हणाले, "दूर्वा हातात आहे की नाही ते बघून सांगावं लागतं मला. मी कसली पूजा करू?"

गणपती मी आणलाच. पूजाही मीच केली, चुकतमाकत. तोंडाने सगळ्यांना सांगत होते की बाप्पा बघून घेईल, पण खरं सांगायचं तर माझंच मन थाऱ्यावर नव्हतं. मी जात्याच चौकस बाई. माहेरी मला 'का गं बाई' म्हणूनच चिडवायचे. देवालाही मी प्रश्न विचारल्याशिवाय सोडत नाही. त्याला म्हटलं, हात परत दिलास, मग त्यातली जाणीव तेवढी कशाला ठेवून घेतलीस? आणि देणार असशील तर तसं कळव. आमच्याकडे देवाच्या उजव्या अंगाचं फूल पडलं की कौल मिळाला म्हणतात. म्हणून आरतीत सगळ्यांचे डोळे मिटलेले आणि मी आपली टक लावून फुलाकडे बघतेय. फूल जागचं हललं नाही. मी पंखा सुरू करून पाहिला, तरी नाही. मग माझी मलाच लाज वाटली आणि हसूही आलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी विसर्जन. नदी जवळ नाही, म्हणून आम्ही ते घरीच करायचो, सासूबाईंच्या तांब्याच्या मोठ्या घंगाळात. ते चिंचेने घासून लख्ख करायचं, त्याला हळदीकुंकू लावायचं आणि स्वच्छ पाण्याने भरून ठेवायचं. विसर्जन होईपर्यंत त्या पाण्याला कुणी बोट लावायचं नाही, ही सासूबाईंची शिस्त. त्या गेल्या, पण शिस्त मी पाळली. त्यात त्या दिवशी कॉलनीचा मोठा पाइप फुटलेला, सकाळपासून नळ कोरडे. होतं नव्हतं ते बादल्यांतलं पाणी संपलं. घरात उरलं दोन ठिकाणी, प्यायचं माठात आणि बाप्पाचं घंगाळात.

जेवणं आटोपून मी उत्तरपूजेची तयारी करत होते, तेवढ्यात फाटकाशी कुणीतरी सायकलची घंटी वाजवली. पाहते तर एक म्हातारे गृहस्थ. डोक्याला लहरियाचा, तिरप्या नागमोडी पट्ट्यांचा फेटा, पांढऱ्या मिश्या, डोळ्यांवर जाड भिंगाचा चष्मा. मागचं चाक पार बसलेलं. राम राम करून त्यांनी पाणी मागितलं. मी माठातलं तांब्याभर नेलं. त्यांनी ते आनंदाने पिऊन टाकलं आणि मग सांगितलं की खरं तर पाणी ट्यूबसाठी हवं होतं. कोपऱ्यावरचा पंक्चरवाला आज बंद. जायचं वैशाली नगरला, म्हणजे चालत जाण्यासारखं नाही. सामान मात्र सगळं त्यांच्या पिशवीत होतं. एका पत्र्याच्या डबीत रबराचे तुकडे, चिकटवायचं सोल्यूशन, काचकागदाचा चिटोरा, टायर उचकटायला दोन जाड चमचे आणि शिवाय हातपंप. व्हरांड्याच्या पायरीवर बसून त्यांनी चाकातून ट्यूब काढलीसुद्धा.

मी परातीत माठातलं पाणी दिलं. ट्यूब काही परातीत बुडेना. दाबली की पाणी बाहेर, सोडली की ट्यूब वर. आणि बुडबुडा आलाच तरी तो त्यांना दिसेना, कारण एका डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला. शिवाय म्हणाले की हे चाक याच आठवड्यात दोनदा पंक्चर काढून आणलंय, त्याच त्या जागी, आणि पुन्हा बसतं. जरा खोल भांडं मिळालं तर बरं होईल. त्यांची नजर आत घंगाळाकडे गेली. ते पाणी गणपतीच्या विसर्जनाचं आहे म्हटल्यावर त्यांनी कानाला हात लावले. "रहने दो बहनजी. भगवान का पानी है. मैं पैदल चला जाऊँगा."

मला सुटल्यासारखं झालं, खोटं कशाला बोलू. पण खुर्चीतून आवाज आला. कितीतरी दिवसांनी तो असा ठाम आवाज मी ऐकत होते.

"घंगाळ बाहेर आण."

मी म्हटलं, अहो, सोवळ्यातलं पाणी, त्यात रस्त्याची घाण? यावर हे म्हणाले, "बाप्पाला बुडायला पाणी हवंय आणि या बाबांना घरी जायला. उचलवत नसेल तर मी येतो." आणि खरंच उठून आले. दोघांनी मिळून ते घंगाळ व्हरांड्यात आणलं. मी मनातल्या मनात सासूबाईंची आणि बाप्पाची, दोघांची क्षमा मागत होते.

हे खाली जमिनीवर बसले. ट्यूबमध्ये हवा भरून ती थोडी थोडी करून पाण्यात फिरवू लागले. डाव्या हाताने धरायची, उजव्याने पुढे सरकवायची. आम्ही तिघंही घंगाळावर वाकलो होतो. एवढ्या वर्षांत मी हे कधी जवळून पाहिलं नव्हतं आणि गंमत म्हणजे माझ्याही नकळत मी त्यात रमले. सोवळं विसरले, विसर्जनाची वेळ विसरले. आणि एका जागी बारीक मोत्यांची माळ सुटावी तसे बुडबुडे वर यायला लागले. मी केवढ्यांदा ओरडले, "इथे, इथे!" खूण करायला पेन सापडेना, तेव्हा पूजेच्या तबकातलं गंध बोटावर घेऊन मीच ट्यूबला टिळा लावला. म्हातारबाबा खो खो हसले. हेही हसले. एकाला दिसत नव्हतं, दुसऱ्याला बोटांनी कळत नव्हतं, आणि मधे मी, मला कशातलं काहीच येत नव्हतं. अशी आमची वरात.

ट्यूब पुसून, काचकागदाने घासून यांनी सोल्यूशन लावलं. मी लगेच रबराचा तुकडा पुढे केला. हे म्हणाले, थांब. ओल्यावर लावला तर बसत नाही, आधी वाळू द्यायचं. मला वाटायचं, चिकटवायचं म्हणजे ओलं असतानाच. तर नाही, फुंकरसुद्धा मारायची नाही, नुसतं बसायचं. त्या बसण्यात यांच्या डोक्यात काहीतरी फिरायला लागलेलं मला स्पष्ट दिसलं. कपाळावरची ती आठी माझ्या ओळखीची होती. गाडीत दोष सापडत नसला की ती पडायची. तुकडा दाबून बसवता बसवता हे स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "त्याच जागी तिसऱ्यांदा? मग दोष ट्यूबचा नाही. टायरमध्ये काहीतरी राहिलंय."

आणि यांनी टायर चाकावरून उतरवून मांडीवर घेतला आणि आतून हात फिरवायला सुरुवात केली. उजवा हात. आयुष्यभराची सवय, कुठला हात घालतोय हे यांच्या ध्यानातही नव्हतं. माझ्या मात्र होतं. मी तोंड उघडणार होते की अहो, तो हात नको, डावा घ्या, त्याला काय कळणार. पण का कोण जाणे, बोलले नाही. टायर अर्धाअधिक फिरला. आणि एकदम हे "आई गं!" करून हात झटकून बसले.

यांच्या अंगठ्याजवळच्या बोटावर रक्ताचा थेंब आला होता. हे त्याच्याकडे बघत राहिले. मग काय करावं? मलम नाही, पाणी नाही, यांनी तेच बोट पुन्हा टायरमध्ये घातलं आणि त्याच जागी दाबलं. परत हात मागे आला. मग मधलं बोट, अनामिका. मग अंगठा, करंगळी. प्रत्येकाला टोचवून बघतायत. मी हात धरला, म्हटलं, वेडे झालात का, सेप्टिक होईल! हे माझ्याकडे बघून म्हणाले, "अगं, दुखतंय." डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि पुन्हा तेच, "दुखतंय गं. करंगळीला नाही, पण बाकीच्या चारींना दुखतंय."

मी तिथेच घंगाळाशेजारी बसून रडले. म्हातारबाबा बिचारे बावरले. त्यांना वाटलं, त्यांच्या सायकलपायी घरधन्याला जखम झाली. ते हात जोडून माफी मागायला लागले. त्यांना सगळं समजावून सांगेपर्यंत माझी पुरेवाट झाली. समजल्यावर त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले आणि टायरमधून तो बाभळीचा काटा चिमटीने उपटून यांच्या तळहातावर ठेवला.

त्या दिवशी विसर्जन यांनी केलं, दोन्ही हातांनी, त्याच पाण्यात. पाणी गाळून घेऊ का, असं मी विचारलं होतं. हे म्हणाले, आता बाप्पाला हे पाणी चालणार नाही, असं वाटत नाही.

डॉक्टरांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, जाण हळूहळू परत येतच असणार, तुम्हाला त्या दिवशी लक्षात आली एवढंच. असेल. मी वाद घालत नाही. थंडीत हे पुन्हा गाड्यांवर रुजू झाले. करंगळी मात्र अजून थोडी बधिरच आहे. म्हातारबाबांच्या रूपात बाप्पाच आले होते, असं मी शेजारणींना सांगायला सुरुवात केली होती. पण दिवाळीच्या सुमारास ते पेरू घेऊन पुन्हा आले आणि तासभर सुनेची गाऱ्हाणी सांगत बसले. देव काही सुनेबद्दल इतकं बोलणार नाही. तेव्हा ते माणूसच, चांगला माणूस. मग त्या दुपारी त्यांना आमच्याच फाटकाशी कुणी थांबवलं, हा प्रश्न मी बाप्पाला अजून विचारते, पण आता उत्तरासाठी हटून बसत नाही. मी त्याच्यासाठी राखून ठेवलेलं त्याने दुसऱ्याला द्यायला लावलं, आणि मला जे हवं होतं ते मी मागितलं तसं दिलं नाही. जन्मभर मी त्याच्याकडे एकच मागत आले होते, घरात कुणाला काही दुखू-खुपू देऊ नकोस. ते मागणं मी सोडून दिलंय. आता यांचं काही दुखलं, माझे गुडघे कुरकुरले, की मी आधी हात जोडते आणि मग बाम शोधायला जाते.